लाँग रूटवरच्या ड्रायव्हरचा आठवडा, घरच्या माणसासाठी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मिस्टर सात वर्षं शहरातल्या शहरात मालाची गाडी चालवायचे आणि रोज रात्री घरी असायचे. दोन महिन्यांपासून ते लाँग रूटच्या मोठ्या गाडीवर आहेत. सोमवारी संध्याकाळी निघतात, शनिवारी परततात. तुम्ही विचारलंय की मधले पाच दिवस त्यांचे जातात कसे, दिवसभर फोन का उचलत नाहीत, आणि घरी आल्यावर एवढं का झोपतात. आणि शेवटी एक वाक्य लिहिलंय: "मी घरी बसून काय करू शकते?"

मी २३ वर्षं लाँग रूटवर होतो, आता नवीन ड्रायव्हर तयार करतो. लोक मला गाडीबद्दल विचारतात, रस्त्यांबद्दल विचारतात. तुमचं ते शेवटचं वाक्य क्वचितच कोणाच्या तोंडून ऐकलंय, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे. कारण लाँग रूटवरचा आठवडा किती किलोमीटर झाले यावर ठरत नाही. झोप किती मिळाली आणि खोळंबा किती झाला, यावर ठरतो. खोळंबा तुमच्या हातात नाही, त्यांच्याही नाही. झोपेची सुरुवात मात्र घरातून होते.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांनी उत्तर थोडं बदलतं. ते एकटे असतात की जोडीला दुसरा ड्रायव्हर असतो? पगार महिन्याचा आहे की फेरीमागे? माल नाशवंत आहे का? नाशवंत मालाला घड्याळ लागलेलं असतं. लोखंडासारख्या मालाला घाई कमी, पण वजन जास्त. आणि गाडी कोणत्या देशात चालते हेही महत्त्वाचं. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १०) आणि आठवड्याला ५६ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही. अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. भारतात २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. त्यात साधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं धरलेलं होतं. मी शिकवतो त्या प्रत्येकाला साडेचार तासांनी ४५ मिनिटांचा नियम पाळायला लावतो, तिथे तो कायदा असो वा नसो. तुमचे मिस्टर किती तासांनी थांबतात, हे त्यांना एकदा सहज विचारा. "बघतो, जमेल तसं" असं उत्तर आलं तर पुढचं सगळं त्यांनाही वाचायला द्या.

सोमवारच्या संध्याकाळपासून सुरुवात करतो. आठवड्यातला सगळ्यात धोक्याचा टप्पा हाच, असं म्हटलं तर चटकन पटत नाही, कारण माणूस घरी राहून ताजातवाना निघालेला असतो. पण हिशेब करून बघा. सकाळी सातला उठले. दिवसभर साठलेली कामं, बँक, मुलांची शाळा, कोणाकडे तरी जाऊन येणं. संध्याकाळी सातला गाडी हलली. पहाटे चारला ते स्टिअरिंगवर असतील, तर तोवर त्यांना जागून २१ तास झालेले असतात. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो, आणि २४ तास जागल्यावर साधारण ०.१० टक्क्यांइतका. म्हणजे एक थेंबही न पिता माणूस प्यायल्यासारखा गाडी चालवत असतो. त्यात पहाटे दोन ते सहा ही वेळ अशी, की शरीर आपणहून थंड आणि सुस्त होतं. सवयीने यात थोडाफार फरक पडतो, पण ही वेळ कोणालाच चुकत नाही.

माझ्या बाबतीत हे घडलंय. तेव्हा मला लाँग रूटवर नऊ-दहा वर्षं झाली होती, म्हणजे मी नवखा नव्हतो. घरी दोन दिवस पाहुणे होते, दुपारी आडवा झालोच नाही, आणि संध्याकाळी निघालो. पहाटे साडेचारच्या सुमारास कडेच्या चाकांखालून एकदम घर्र आवाज आला आणि स्टिअरिंग हातात थरथरलं. रस्त्याच्या कडेला ज्या आडव्या खाचा पाडलेल्या असतात, त्यांच्यावर चाकं गेली होती. दचकून गाडी सरळ केली. बाजूला कोणी नव्हतं म्हणून निभावलं. पण खरी भीती त्यानंतर पाच मिनिटांनी वाटली. डॅशबोर्डवर टोलची पावती पडलेली होती आणि तो टोल नाका मी कधी ओलांडला ते मला आठवेना. गाडी मीच थांबवली होती, पैसे मीच दिले होते, गिअर मीच टाकले होते. डोळे उघडे होते, हात चालत होते, आणि डोकं झोपलेलं होतं. पहिली मोकळी जागा दिसली तिथे गाडी लावली आणि तीन तास झोपलो. माल उशिरा पोचला. बोलणी खाल्ली.

अशी डुलकी बहुतेक वेळा तीन-चार सेकंदांचीच असते. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर. तेवढं अंतर भरलेली गाडी कोणीही न चालवता पुढे जाते. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, हे सगळं मी केलंय. त्याने पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप हटत नाही. झोपेवर उपाय झोप हाच. अगदीच गळ्याशी आलं तर सुरक्षित जागी थांबून चहा-कॉफी घ्यायची आणि लगेच १५-२० मिनिटांचा गजर लावून झोपायचं. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येताना दोन्हीचा फायदा मिळतो. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं खाली उतरून चालायचं, मगच चावी फिरवायची. पण ही मलमपट्टी झाली. रात्रभराच्या झोपेचं काम ती करत नाही.

आता यात तुमचा वाटा. निघायच्या दिवशी दुपारी त्यांना किमान दीड-दोन तासांची झोप मिळायलाच हवी. पडदे ओढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दारावरची बेल बंद करता येत असेल तर करा. घरातली कामं सोमवारवर ढकलू नका, ती रविवारी सकाळीच सांगा. पैशांचा किंवा नातेवाइकांचा ताणाचा विषय असेल तर तोही रविवारीच काढा. निघताना झालेलं भांडण रात्रभर केबिनमध्ये सोबतीला असतं, आणि तिथे ते मिटवायला कोणी नसतं. शक्य असेल तर त्यांनी मालकाशी बोलून सोमवारी संध्याकाळऐवजी मंगळवारी पहाटे निघण्याचं बघावं. प्रत्येक ठिकाणी हे चालत नाही, काही शहरांत मोठ्या गाड्यांना दिवसा बंदी असते. पण विचारून बघायला हरकत नाही.

पुढचे दिवस म्हणजे नुसतं गाडी चालवणं, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. त्यांची सकाळ गाडीभोवती चक्कर मारून सुरू होते. टायर गार असतानाच हवा तपासायची, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये हवेचा दाब वाढलेला दिसतो आणि खरा आकडा कळत नाही. चाकाच्या नटांवर नजर टाकायची. एखाद्या नटापासून गंजाची बारीक रेघ ओघळलेली दिसली की समजायचं, तो नट ढिला होऊन हलतोय. इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचा आणि कुठे हवा सुटल्याचा फुस्स आवाज येतोय का ते कान देऊन ऐकायचं. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्या हवेच्या टाकीत साठलेलं पाणी काढायचं. नवीन माल भरला असेल तर निघाल्यावर पन्नासेक किलोमीटरवर थांबून पट्टे आणि दोर पुन्हा ताणायचे, कारण पहिल्या हादऱ्यांनी माल बसतो आणि बांधणी सैल पडते. हे सगळं व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, हात काळे झालेले असतात. सकाळी सहाला तुमचा फोन वाजून जातो तो बहुधा या वेळात.

शहरातल्या गाडीवरून आलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट नव्याने शिकावी लागते, ती म्हणजे घाट उतरणं. छोट्या गाडीत ब्रेक मारत मारत उतरलं तरी चालून जातं. भरलेल्या गाडीत तसं केलं की ब्रेकचे ड्रम तापून फुगतात, लायनरपासून (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीपासून) लांब सरकतात आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिन ब्रेकवर, म्हणजे इंजिनच्याच अडसराने वेग धरून, उतरायचं. मधूनच ब्रेक जोरात लावून वेग खाली आणायचा आणि सोडून द्यायचा. उतारावर गिअर बदलायची वेळ आली तर चूक वरच झालेली असते. हे त्यांना माहीत असेलच, पण दोन महिन्यांचा अनुभव म्हणजे फार नाही, म्हणून लिहिलं.

मग येतो खोळंबा. घरच्यांना याची कल्पना सगळ्यात कमी असते. माल भरायला आणि उतरवायला जो वेळ लागतो तो कोणाच्याच हिशेबात नसतो. एका गोदामाबाहेर मी १९ तास रांगेत उभा होतो. उभा म्हणजे काय, तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी रांग एक गाडी पुढे सरकायची. इंजिन चालू करा, दहा मीटर जा, बंद करा. मागच्याने हॉर्न मारू नये म्हणून डोळा लागू द्यायचा नाही. संध्याकाळी आत घेतलं, दोन तासांत माल उतरला आणि लगेच पुढच्या फेरीचा फोन आला. कागदावर मी १९ तास "बसलेलो" होतो. प्रत्यक्षात त्यात एका तासाचीही सलग झोप नव्हती.

युरोपात गाड्यांना जे टॅकोग्राफ यंत्र असतं, त्यात यासाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. गाडी चालवण्यासाठी स्टिअरिंगचं चित्र, दुसऱ्या कामासाठी हातोड्यांचं, ताटकळत थांबण्यासाठी चौकोनाचं आणि विश्रांतीसाठी पलंगाचं. मला ते फार योग्य वाटतं. ताटकळणं वेगळं आणि पलंगावर पाठ टेकणं वेगळं, हे निदान यंत्राला तरी कळतं. तुमच्या मिस्टरांनी बुधवारी सांगितलं की "आज दिवसभर नुसता थांबून होतो", तर "मग आराम झाला असेल" असं म्हणू नका. त्या दिवशी माणूस गाडी चालवण्यापेक्षा जास्त थकलेला असतो, आणि चिडलेलाही.

खोळंब्यानंतरचा मोह म्हणजे गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढणं. इथे मी सगळ्यांना एक गणित करायला लावतो. ४०० किलोमीटरचं अंतर सरासरी ६० ने गेलं तर ६ तास ४० मिनिटं लागतात. सरासरी ७० ने गेलं तर ५ तास ४३ मिनिटं. एवढी जिवावर उदार होऊन गाडी हाणली तरी वाचला एक ताससुद्धा नाही. आणि ८० ऐवजी ९० ने चालणारी गाडी थांबवताना ब्रेकना सव्वापट ऊर्जा जिरवावी लागते. १९ तासांचा खोळंबा असा भरून निघत नाही. अशा वेळी फोन करून "उशीर होईल, इतके वाजता पोचेन" असं स्पष्ट सांगणं हाच मार्ग. नव्या माणसाला हा फोन करायची भीती वाटते. मालकापुढे नाही म्हणायची सवय व्हायला मला स्वतःला चार वर्षं लागली.

झोपेच्या जागेबद्दल थोडं. बऱ्याच गाड्यांत केबिनमधला बर्थ आडवा असतो, म्हणजे झोपलेल्या माणसाचं डोकं एका दाराकडे आणि पाय दुसऱ्या दाराकडे. गाडी ज्या बाजूला कललेली असेल त्या बाजूला डोकं आलं तर सकाळी डोकं जड होतं, नाक चोंदतं. म्हणून गाडी लावल्यावर बघायचं आणि डोकं उंच बाजूला ठेवायचं. शीतगृहाच्या गाडीशेजारी लावायची नाही, तिचं यंत्र रात्रभर घरघरत राहतं. हायवेच्या कडेला तर कधीच लावायची नाही, मागून येऊन आदळणारी गाडी आपल्यासारख्याच झोपेत असलेल्या ड्रायव्हरची असते. चांगल्या, उजेडाच्या, राखणीच्या जागा संध्याकाळी लवकर भरतात. म्हणून मी पहाटे लवकर निघून संध्याकाळी लवकर थांबायला शिकवतो. आठला जागा शोधणारा माणूस सुरक्षित ठिकाणी झोपतो, बाराला शोधणारा मिळेल तिथे. तुम्ही काय करू शकता? खिडक्यांसाठी जाड काळ्या कापडाचे मापाने शिवलेले पडदे आणि घरच्या वापरातली त्यांची स्वतःची उशी द्या. फार साधं वाटेल, पण दिवसा झोपायची वेळ आली की अंधार आणि ओळखीची उशी यांनी खरंच फरक पडतो.

आता फोन. ते उचलत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा तेच योग्य असतं. हात मोकळे ठेवून स्पीकरवर बोललं तरी लक्ष बोलण्यात जातं, आणि घरचं बोलणं असेल तर जास्तच. माझ्या घरी आम्ही एक रीत लावली होती. गाडी थांबलेली असताना मीच फोन करायचा, दिवसातून तीनदा: सकाळी निघण्याआधी, दुपारच्या थांब्यावर, आणि रात्री गाडी लावल्यावर. मधल्या वेळात घरून फोन यायचा नाही. काही सांगायचं असेल तर आवाजी निरोप टाकून ठेवायचा, मी थांबल्यावर ऐकायचो. आणि खरंच तातडीचं असेल तर लागोपाठ तीन मिस्ड कॉल, म्हणजे मी पुढची जागा बघून गाडी बाजूला घ्यायचो. या तीन मिस्ड कॉलची वेळ आमच्यावर २३ वर्षांत मोजून पाच-सहा वेळा आली. पण ती सोय आहे हे माहीत असल्यामुळे बाकीचे दिवस बायकोही निश्चिंत असायची आणि मीही.

यातलीच एक गोष्ट आग्रहाने सांगतो. "कधी पोचणार?" हा प्रश्न विचारणं सोडून द्या. तुम्ही ओढीने विचारता, मला कळतं. पण स्टिअरिंगवरच्या माणसाला तो घड्याळासारखा ऐकू येतो, विशेषतः शुक्रवारी रात्री. घर शंभर-दीडशे किलोमीटरवर आलं की ओढ एवढी असते की माणूस थकवा मानायलाच तयार नसतो, आणि तेव्हा आठवडाभराची थकबाकी अंगात असते. त्याऐवजी विचारा, "कुठे थांबणार आहात?" किंवा "झोप झाली का?" माझी बायको शुक्रवारी फोनवर म्हणायची, "सकाळी या, दार उघडंच आहे." त्या एका वाक्यामुळे मी कितीदा तरी घराच्या अलीकडे गाडी लावून झोपलोय.

बुधवार-गुरुवारी ते फोनवर तुटक बोलत असतील तर मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी निघून तीन रात्री झालेल्या असतात, घर अजून दोन रात्री लांब असतं, आणि दिवसभरात ज्यांच्याशी बोलणं झालं ते सगळे कामाचे अनोळखी लोक असतात. तेव्हा मला हालहवाल विचारलेली नको असायची, घरातलं बारीकसारीक ऐकायला हवं असायचं. मुलगी शाळेत काय म्हणाली, नळ गळत होता तो दुरुस्त झाला का. तुम्ही बोला, त्यांना नुसतं ऐकू द्या.

शरीराबद्दल तीन-चारच गोष्टी सांगतो. बरेच ड्रायव्हर लघवीला थांबावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितात, आणि मग मुतखड्याने आडवे होतात. मोठी बाटली द्या आणि ती रिकामी झाली का, हे विचारत जा. पोटभर जड जेवण रात्रीच्या गाडीआधी नको, थोडं थोडं दोनदा बरं. केबिनमधून खाली उडी मारायची नाही, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला ठेवून उतरायचं. गुडघे वाचतात. आणि औषधांची पिशवी तुम्ही भरत असाल तर नीट बघा. सर्दी-खाज यांवरच्या पुष्कळ गोळ्यांनी झोप येते, क्लोरफेनिरामिन असलेल्यांनी तर नक्कीच आणि सेटिरिझिननेही काहींना. त्या गोळ्या गाडीत नकोतच. झोप उडवायच्या गोळ्या कोणी देऊ केल्या तर त्या घ्यायच्या नाहीत, याबद्दल घरात एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. त्या गोळ्या झोप घालवत नाहीत, फक्त लांबवतात, आणि मग ती एकदम अंगावर येते.

एक गोष्ट मात्र सविस्तर लिहितो, कारण ती फक्त तुम्हालाच कळू शकते. ते घोरतात का? नुसतं घोरणं नव्हे. घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, काही सेकंद अगदी शांत, आणि मग गुदमरल्यासारखा जोरात श्वास घेतात, कूस बदलतात, पुन्हा घोरणं सुरू. असं होतं का? सकाळी उठल्यावर डोकं दुखतं म्हणतात का? आठ तास झोपूनही दिवसा बसल्या जागी पेंगतात का? असेल तर याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाची वाट वारंवार बंद होते, मेंदू प्रत्येक वेळी अर्धवट जागा होतो, आणि रात्रभर झोपूनही झोप मिळत नाही. मान जाड असलेल्या, पोट सुटलेल्या, बैठ्या कामाच्या पुरुषांमध्ये हे जास्त दिसतं, आणि आमच्या धंद्यात असे पुष्कळ असतात. ज्याला हा त्रास आहे त्याला स्वतःला तो कळत नाही. शेजारी झोपणाऱ्यालाच कळतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या एकाच्या बायकोने असंच सांगितलं म्हणून तपासणी झाली. आता तो रात्री मास्कमधून हवा देणारं सीपॅप यंत्र लावून झोपतो, केबिनमध्येही. "इतकी वर्षं मी जागाच होतो असं वाटतं," असं तो म्हणाला. शनिवारी रात्री अर्धा तास जागून त्यांचा श्वास ऐका. वर लिहिल्यासारखं काही आढळलं तर डॉक्टरांना दाखवा, पुढच्या फेरीआधी.

घरी आल्यावर ते एवढं का झोपतात, याचं उत्तर तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. रोज पाच-सहा तासांची, तुकड्या-तुकड्यांची झोप झालेली असते, ती थकबाकी शरीर वसूल करतं. पहिल्या रात्री उलटंही होतं, झोपच लागत नाही. इंजिनची थरथर नसते, बाहेर गाड्यांचा आवाज नसतो. मी पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर झोपेत ब्रेक दाबायचो, बायको सांगायची. शनिवारची रात्र त्यांना पूर्ण द्या, सकाळी लवकर उठवू नका. पण दुपारपर्यंत झोपू देऊ नका. नऊ-साडेनऊला खिडकी उघडा, उन्हात बसवा, थोडं चालायला न्या. रविवारी दिवसभर झोपले तर रविवारची रात्र जागून जाते आणि सोमवारची दुपारची झोपही बिघडते, की पुन्हा तोच २१ तासांचा हिशेब. आल्या आल्या पहिला तासभर घरातले निर्णय त्यांच्यापुढे मांडू नका. सहा दिवस एकट्याने घालवलेल्या माणसाला घरातला आवाजसुद्धा सुरुवातीला मोठा वाटतो. तुमच्या मनातलं दाबून ठेवा असं मी म्हणत नाही. तुम्हीही सहा दिवस एकटीनेच सगळं ओढलेलं असतं. रविवारी सकाळचा एखादा तास तुमच्या बोलण्याचा म्हणून ठरवून ठेवा आणि तो त्यांनीही पाळावा.

दोन महिने हा काळ तसा कमी आहे. मी पाहिलेल्या बहुतेकांना लाँग रूटची घडी बसायला चार-सहा महिने लागले. तेवढ्या काळात झोप, फोन आणि सोमवारची दुपार या तीन गोष्टी मार्गी लागल्या तर बाकीचं हळूहळू जमतं. आणि सहा महिन्यांनंतरही ते असेच ओढलेले, चिडचिडे दिसले, किंवा "परवा डोळा लागला होता" असं एकदा जरी बोलून गेले, तर रूट बदलायचा विषय तुम्ही काढा. ते स्वतःहून काढणार नाहीत. माझ्याकडे तयार झालेला एक चांगल्या हाताचा मुलगा आठ महिन्यांनी एक आड एक रात्र घरी येता येईल अशा जवळच्या रूटवर गेला. मालकाला विचारायला तो महिनाभर कचरत होता, शेवटी बायको सोबत गेली. गाडी तीच, मालक तोच, फक्त फेरी लहान. आता तो दुपारी फोन उचलतो, कारण तेव्हा तो घरीच असतो.